बगलेतलं पिलू

बाई,

मी शाळा सोडली ती तुमच्यामुळे. हे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवलंय की आता ते बोलायला विचार करावा लागत नाही. मस्कतला आलो तेव्हा खोलीतल्या पोरांनी पहिलं तेच विचारलं, किती शिकलास? सातवी, तीपण अर्धी. का सोडली? बाईंनी हाकललं. मग पुढं कोणी विचारत नाही. ज्याला त्याला आपल्या शाळेतलं कोणीतरी आठवतं. तुम्ही गेलात त्याला दहा वर्षं होऊन गेली. मी तेव्हा सोलापूरला एका वर्कशॉपात पत्रा कापत होतो. ताईचा फोन आला, "तुझ्या विज्ञानाच्या बाई गेल्या रे." मी बरं म्हटलं आणि पत्रा कापत राहिलो. आजही आदर वगैरे वाटून लिहीत नाहीये. राग आलाय म्हणून लिहितोय. आज शुक्रवार, सुट्टी. खोलीतले बाकीचे भाजी आणायला गेलेत. हातात साइटवरची वही आहे, तिच्यात एसीच्या डक्टची मापं लिहितो मी, तिच्याच मागच्या पानांवर हे चाललंय.

ताईची मुलगी आठ वर्षांची आहे, तिसरीत. काचीगुड्यालाच राहतात ते, आपल्याच गल्लीच्या पुढच्या गल्लीत. शाळा इंग्लिशची, घरी मराठी, जिन्यात खेळताना दखनी, आणि खालच्या किराणावाल्याशी तेलुगू. तिला हल्ली एक ऑनलाइन वर्ग लावलाय, शुक्रवारी संध्याकाळी पाचचा. शाळेबाहेरचा आहे. कुठल्यातरी दुसऱ्या गावच्या एक मॅडम घेतात, वीसेक मुलं असतात, आणि हा महिनाभर विषय एकच, वटवाघूळ. हसू नका. काळ्या कागदाचं वटवाघूळ कापायचं, डोळ्यांना रुमाल बांधून टाळीच्या आवाजावरून भिंत किती लांब आहे ते ओळखायचं, स्क्रीनवर पेरू, किडा, भात अशी चित्रं येतात, त्यातलं त्याचं खाणं बोटानं ओढून त्याच्या तोंडाशी न्यायचं. बरोबर असलं की हिरवी खूण येते. संध्याकाळी गच्चीवर उभं राहून किती उडून गेली ते लिहून पाठवायचं. ही पोरगी रोज मला पाठवते. "मामा, आज सात. एक कावळा होता वाटतं, पण मी लिवली."

मी शुक्रवारी इथून ताईच्या दुसऱ्या नंबरानं लॉगिन करून त्या वर्गात डोकावतो. ताईला सांगतो की भाचीला बघायला. खरं म्हणजे मलाच बघायचं असतं.

दोन आठवड्यांपूर्वी स्क्रीनवर वटवाघळाची मादी आली, पंख पसरलेली. पिलू कुठं धरून बसतं, तिथं बोट लावा. पोरांनी पाठीवर लावलं, पोटावर लावलं, एकानं डोक्यावर लावलं. मग मॅडमनी दाखवलं. बगलेपाशी. तिथंच दूध असतं. हिरवी खूण. बाई, मी इथं मस्कतच्या खोलीत पलंगावर बसून ती हिरवी खूण बघत होतो आणि माझ्या कानात तुमची चापट वाजत होती.

तुम्हाला आठवायचं काही कारण नाही, म्हणून मीच सांगतो. सहामाहीनंतरचे दिवस. जामबागची आपली मराठी शाळा, वर्गात आम्ही उरलेले चौदा. तुम्ही विचारताय, "वटवाघूळ उडतं, मग ते पक्षी का नाही?" पुस्तकात उत्तर आहे, सस्तन प्राणी आहे म्हणून. कोणी हात वर करत नाही. मी करतो. आयुष्यात पहिल्यांदा करतो. कारण मला पुस्तकातलं नाही, बघितलेलं माहीत आहे. आदल्या उन्हाळ्यात मी विद्यानगरकडं चिंचा पाडायला जायचो, युनिव्हर्सिटीच्या बाजूला मोठमोठी झाडं आहेत तिकडं. एका झाडाला शंभरेक लटकलेली असायची. खाली उताणा पडून मी दुपार दुपार बघायचो. एक मादी पंख जरा उघडायची आणि आत पिलू दिसायचं, बगलेत तोंड खुपसलेलं. तर मी उभा राहिलो आणि म्हणालो, "पाजतं बाई ते. पिलू इथं चिकटतं, बगलेपाशी. बायांसारखंच असतं त्याला. तुमच्यासारखंच."

मागून कोणीतरी म्हणालं, "अबे, बाईंनाच बोलरा रे ये." सगळा वर्ग फुटला. तुम्ही चालत आलात, घाई नाही केलीत, आणि मारलंत. "गल्लीतलं तोंड गल्लीत ठेवून यायचं. चल, बाहेर." मी बाहेर नळाजवळ उभा राहिलो, शाळा सुटेपर्यंत. बाकीच्या तेरा पोरांना आयुष्यभर लक्षात राहणार होतं की मी घाण बोललो. वटवाघळाचं कोणालाच राहिलं नसेल.

मला नंतर ताईनं सांगितलं की तुम्हाला मूल नव्हतं. होऊन गेलं होतं म्हणे एक, दोन दिवसांचं. मला तेव्हा कुठून कळणार? बारा वर्षांचा होतो. आणि आता कळलंय म्हणून राग जायला पाहिजे का? नाही जात. दुःख तुमचं होतं, मार मी खाल्ला. मी खोटं बोललो असतो तर गोष्ट वेगळी. मी बरोबर बोललो होतो आणि ते तुम्हाला माहीत होतं. विज्ञान तुम्हीच शिकवत होता.

आणि सगळ्यात वाईट काय होतं सांगू? आई तुमच्याच घरी पोळ्या करायची. तुमचं स्वैपाकघर मला अजून दिसतं, खिडकीत तुळस नाही, मिरचीचं रोप होतं. सुट्टीच्या दिवशी मी आईबरोबर यायचो, तुम्ही मला ओट्याजवळच्या स्टुलावर बसवून स्टीलच्या ताटलीत उपमा द्यायचात आणि पेपर वाचायला लावायचात, मोठ्यानं. अडखळलो की म्हणायचात, "परत. घाई कोणाला आहे?" तेव्हा गल्लीतलं तोंड चालायचं तुम्हाला. तुमच्या ओट्याजवळ चालायचं, वर्गात नाही. मारलंत त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई नेहमीसारखी तुमच्याकडं गेली. परत आली तेव्हा मी विचारलं, काय म्हणाल्या? आई म्हणाली, "काय नाही रे. पीठ संपत आलंय म्हणाल्या." पीठ. मी त्या दिवसापासून शाळेत गेलो नाही.

आता गेल्या शुक्रवारचं ऐका. मॅडमनी विचारलं, पिलू आईबरोबर उडतं कसं, पडत कसं नाही? भाचीनं हात वर केला. मी आदल्या रात्री तिला सगळं सांगून ठेवलं होतं, झाडाखाली पडून बघितलेलं. ती बोलायला लागली, अर्धं इंग्लिश, अर्धं दखनी, मधे मराठी, आणि काखेत स्वतःची बाहुली धरून दाखवायला लागली. "मेरे मामा ने देखा, ऐसा पकडता, मुँह से, छोडताइच नै." दोन पोरं खिदळली. मग दहा खिदळली. आणि एकदम आवाज बंद. म्यूट. तिचे ओठ हलत होते आणि काही ऐकू येत नव्हतं. तिला ते कळलं तशी तिनं टॅब उलटा घातला.

माझं डोकं फिरलं. ताईकडून नंबर घेऊन मी त्या मॅडमना फोन लावला. काय काय बोललो ते लिहीत नाही. एवढं सांगतो की त्यांना बोललो त्यातलं अर्धं तुम्हाला बोलायचं होतं. "पोरगी बरोबर बोलत होती, तिची भाषा तुम्हाला घाण वाटली, तुम्ही लोक सगळे सारखेच." त्या मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. फोन ठेवला नाही. मग हिंदीत म्हणाल्या की भैया, म्यूट मी सगळ्यांना केलं होतं, मुलं हसत होती म्हणून. फक्त तिचा आवाज चालू ठेवायचा होता, घाईत तिचाही गेला. चालू करेपर्यंत ती निघून गेली होती. तिचं उत्तर एकदम सही होतं, असं कोणी सांगितलंच नव्हतं आजवर. मला सॉरी म्हणायलासुद्धा जीभ वळली नाही. "ठीक है," म्हणालो, जसा काही मीच माफ करतोय.

त्यांनी भाचीला आवाजी मेसेज पाठवला, बेटा परत ये, तुझी बाहुली घेऊन ये, सगळ्यांना दाखवू. पोरगी ऐकायलाच तयार नाही. ताई मला म्हणाली, "तूच भरलंयस तिच्या डोक्यात. उठता बसता बाईंनी हाकललं, बाईंनी हाकललं. आता ती म्हणते, मामा परत गेला नाही, मग मी का जाऊ? काय सांगू तिला?"

"तिचं तिला ठरवू दे."

"आठ वर्षांची आहे ती. तू बारा वर्षांचा असताना तुझं तू ठरवलंस, त्याचं काय झालं ते दिसतंय." ताई असं कधी बोलत नाही. मग तिनं फोन पोरीच्या हातात दिला.

पोरीनं मला एकच विचारलं. "मामा, तुझ्या बाईंनी तुला परत बोलवलं होतं का?"

मी म्हणालो, नाही.

काल झालं हे. आज पाचला तिचा वर्ग आहे, इथं तेव्हा साडेतीन वाजतात. आता पावणेदोन झालेत. एवढं सगळं लिहिलं ते बहुतेक इथवर येऊ नये म्हणून लिहिलं.

तुम्ही आला होतात. चौथ्या की पाचव्या दिवशी, रविवार होता. आईच्या हाती निरोप देता आला असता, रोज सकाळी ती तुमच्याच घरी होती. तुम्ही निरोप दिला नाहीत, स्वतः आलात, काठाची साडी नेसून, जसं कोणाकडं कामाला म्हणून नाही तर पाहुणे म्हणून जातात तसं. मी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं पडलो होतो. गच्चीचं दार उघडं, जिना सरळ आमच्या खोलीत. सगळं ऐकू येत होतं. आई म्हणाली, "बाहेर गेलाय वाटतं." आईला माहीत होतं मी वर आहे. तुम्ही पाणी मागितलंत. पेला खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तुम्ही बोललात, नेहमीपेक्षा मोठ्यानं, वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचवायला बोलायचात तसं. "त्याला म्हणावं, त्याचं उत्तर बरोबर होतं. उद्या वर्गात मी सगळ्यांसमोर सांगणार आहे. त्यानं यावं."

मी टाकीला पाठ लावून बसून राहिलो. तुमच्या चपला जिन्यावरून खाली जाताना ऐकल्या, एकेक पायरी. एका हाकेचं अंतर होतं. मला वाटलं, दुसऱ्या दिवशी परत याल, मग बघू. तुम्ही परत आला नाहीत. एकदाच का आलात, हा माझा खरा राग आहे बाई, आणि तो मी पंधरा वर्षं कोणाला सांगू शकलो नाही, कारण तो सांगायचा तर आधी एकदा आला होतात हे सांगावं लागतं.

ह्या कागदावर पत्ता काय घालू? वही साइटची आहे, उद्या परत मापं लिहायची आहेत. भाचीला आत्ता फोन लावतोय. सांगणार आहे की बोलवलं होतं. मी नव्हतो गेलो. भीती वाटली होती, की तुम्ही सगळ्यांसमोर खरंच सांगाल, आणि मग राग कोणावर धरू?