नोंदीत नसलेली सून

ओर्दूच्या वरचं गाव,
१२ एप्रिल १९७३

चि. इद्रिस यास आईचे पोटभर आशीर्वाद.

विशेष. मी बोलते आहे, तुझी झेलिहा लिहिते आहे. अक्षर आवडलं तर शाबासकी तिला, मजकूर बोचला तर राग माझ्यावर. पोलादाच्या भट्टीपाशी तू काळा पडलास असं गावभर झालंय. मी सांगून टाकलं की इथून निघाला तेव्हाही तो काही लोण्याचा नव्हता.

आता कामाचं. ह्या लिहिणाऱ्या सुनेला चढावर धाप लागते, ओठ निळे पडतात. मी तिला शहरात विम्याच्या इस्पितळात नेलं. तू जर्मनीहून पाठवलेला विम्याचा कागद छातीशी धरून नेला होता. डॉक्टर भला, त्यानं आधी तपासलं. लहानपणीच्या तापानं हृदयाची झडप आक्रसली आहे, हिवाळ्याच्या आत अंकाराला शस्त्रक्रिया झालीच पाहिजे, तोवर चढ नाही, ओझं नाही, असं त्यानं बजावलं. मग खिडकीतल्या कारकुनानं कागद पाहिला. त्यावर माझं नाव आहे, तुझ्या लेकीचं, एमिनेचं आहे, हिचं नाही. म्हणजे फुकट उपचार मला, जिला जिभेखेरीज कुठलाही रोग नाही! तिचं नाव घातलेला कागद ताबडतोब पाठव.

एमिने तुझ्या फोटोला रोज पाव भरवते. फोटो तुझ्यापेक्षा गुणी, उलट बोलत नाही.

लोभ आटू देऊ नकोस.
तुझी आई


डुइसबर्ग,
६ मे १९७३

ती. आईस, तुझे दोन्ही हात कपाळाला लावून सा. न. वि. वि.

पत्र मिळालं आणि दुसऱ्याच दिवशी दुभाष्याला घेऊन विम्याच्या कचेरीत गेलो. तिथली बाई म्हणाली की बायकोचं नाव घालायला काहीच अडचण नाही, फक्त कुटुंबाच्या नोंदणीचा उतारा दाखवा. उतारा माझ्याजवळच होता. त्यात मी अविवाहित आहे.

आई, तुला आठवत असेल. इमामानं निकाह लावला आणि नगरपालिकेत जायचं राहून गेलं. अल्लाच्या वहीत नाव चढलं, आता कारकुनाच्या वहीशी आपलं काय अडलंय, असं तू म्हणालीस, आणि मक्याची पेरणीही तोंडावर होती. दोष तुझा नाही. एमिनेचं नाव लावायला गेलो तेव्हा मलाही सुचलं नाही.

आता नोंदणी करायची तर आम्हा दोघांना अधिकाऱ्यापुढे उभं राहावं लागेल. मध्येच काम सोडलं तर परत घेणार नाहीत, आणि कामाबरोबर विमाही जाईल. ऑगस्टमध्ये माझी रजा आहे. आल्याबरोबर नोंदणी करू, लगेच कागद करून घेऊ. तोवर तिला टोपली उचलू देऊ नकोस. दुखणं वाढलं तर मात्र साफ लिही, मी सगळं टाकून निघतो.

झेलिहाला सांग, मी तिच्या हातच्या कोबीच्या सुपाची वाट बघतो आहे. आशीर्वाद असू दे.
तुझा इद्रिस


ओर्दूच्या वरचं गाव,
२० जून १९७३

चि. इद्रिस यास आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. झेलिहाला पुष्कळ आराम आहे. डॉक्टरांच्या गोळ्या लागू पडल्या. रंग सुधारला. तू काळजी करू नये, कामात लक्ष द्यावे. हेझलनटची झाडं यंदा फळांनी वाकली आहेत. एमिने खुशाल.

लोभ आहेच, तो असाच ठेवावा.
आई


डुइसबर्ग,
९ जुलै १९७३

ती. आईस, हात कपाळाला लावून सा. न. वि. वि.

झेलिहा सुधारते आहे हे वाचून छातीवरची शिळा उतरली. पण आई, तू इतकं कमी कधीपासून बोलायला लागलीस? कुणाला शिवी नाही, मलाही टोमणा नाही. पत्र उलटून पाहिलं, मागेही काही नव्हतं!

एक कळवायचं आहे. माझ्या खोलीतल्या सोबत्याच्या मुलाची सुंता ऑगस्टमध्ये आहे, आणि दोघांना एकदम सोडत नाहीत. तिला बरं आहे म्हणून मी माझी रजा त्याला दिली. मी डिसेंबरात येतो, तेव्हा नोंदणी करू. झेलिहाला नवे बूट घेतले आहेत, माप चुकलं असेल तर हसू नका.

तुझा इद्रिस


ओर्दूच्या वरचं गाव,
३ सप्टेंबर १९७३

चि. इद्रिस, पोरा,

आज हात शाळेच्या मास्तरांचा आहे. तार तुला मिळालीच. तारेत मावलं नाही ते ऐक.

जूनमध्ये मी दोन पानं सांगितली होती. झेलिहा रात्रभर बसून श्वास घेते, पाय सुजलेत, काम गेलं चुलीत, तू निघ, असं सांगितलं. ती मान खाली घालून लिहीत होती. मला वाटलं, किती शहाण्यासारखी लिहिते. तुझं उत्तर आलं तेव्हा तिनंच मला वाचून दाखवलं, की तू ऑगस्टच्या दहाला येतोस. दहापासून मी एमिनेला घेऊन रोज बसच्या थांब्यावर बसले. आमच्या माघारी एकटी सून टोपली घेऊन चढावर जात होती. विसाव्या दिवशी आम्ही परतलो तेव्हा ती हेझलनटच्या झाडाखाली आडवी होती. टोपली भरलेली होती.

तिच्या पेटीत तुझी पत्रं सापडली. मास्तरांनी वाचली, तेव्हा मला सगळं कळलं. तुझं काम जाऊ नये म्हणून तिनं आपल्या दोघांनाही फसवलं. तिच्यावर रागावू नकोस. रागवायचं असेल तर मक्याच्या पेरणीवर रागाव, माझ्यावर रागाव.

मृत्यूची नोंद करायला गेले, तर कारकून म्हणाला की ती अजून बापाच्याच घरात आहे, अविवाहित. मी भांडले नाही. मला जिभेचा रोग होता, तोही गेला.

पण थडग्याचा दगड मी करवून घेतला. त्यावर लिहवलंय, झेलिहा, इद्रिसची बायको. मास्तरांनी वाचून दाखवलं. ते गेल्यावर इमामाला वेगळं बोलावलं आणि त्याच्याकडूनही वाचून घेतलं. दोघांनी तेच वाचलं.

बूट घेऊन ये.
तुझी आई