दगड झालेला बाबा

ता. ६ मे

ती. ताईस,

सा. न. वि. वि. यातला नमस्कार तेवढा घे. विनंती आज नाही.

फोन केला असता तर तू मधेच थांबवून माझी समजूत काढत बसली असतीस. म्हणून पत्र. हे तुला शेवटपर्यंत ऐकावं लागेल.

तुझ्याच सांगण्यावरून मी भिंगरीला त्या गाण्यांच्या कार्टून सिनेमाला नेलं. डोळे मिटून ने, म्हणाली होतीस. पाच वर्षांच्या पोरीसाठी याहून निर्धोक काही यंदा आमच्या सेन्सॉर समितीपुढे आलेलं नाही, असंही म्हणाली होतीस. मी डोळे मिटले. तिने नाही मिटले. त्यात समुद्राची राणी एका मुलीच्या बाबाचा दगड करते. मुलगी धक्क्यावर उभी राहून रोज गाते, आणि शेवटच्या कडव्याला दगडाला खरोखरच पाझर फुटतो. बाबा उठून घरी येतो. थिएटरभर टाळ्या.

दुसऱ्या दिवसापासून भिंगरी जिन्यात बसून ते गाणं म्हणायला लागली. मला कौतुक वाटलं. मग घसा बसला तरी थांबेना. काल कामावरून आले तर ती घरात नाही, आणि तिला सांभाळणाऱ्या काकू दारात रडताहेत. ती सापडली बसथांब्यावर, जिथे तिचा बाबा उतरायचा. येणाऱ्या प्रत्येक बसचं दार उघडलं की पायरीशी जाऊन गात होती. शेवटी एका ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, तिला उचलून आपल्या सीटवर बसवलं आणि प्रवाशांच्या शिव्या खात थांबून राहिला. मी पोचल्यावर त्याने मला चांगलंच फैलावर घेतलं. मी ऐकून घेतलं. ते बोलणं तुझ्या वाट्याचं होतं.

तुम्ही लोक बघता तरी काय गं? पाच मोठी माणसं, टेबलावरचे दिवे चालू, हातात चहा. रक्त नाही, सुरा नाही, शिवी नाही, शेवट गोड आहे, मारा शिक्का. अंधारात बसलेल्या लेकराच्या जागी बसून कोण बघणार? तिचा बाबा दगड झालेला नाही. तो हिवाळ्यात गेला, हे तुला-मला ठाऊक आहे. गाण्याने उठणारा बाप तिला दाखवायची तुला बुद्धी झालीच कशी?

लोभ आहे. तो वाढावा अशी तूर्त इच्छा नाही.

धाकटी

---

ता. १० मे

चि. धाकटीस,

अ. उ. आ. रागावलेल्या माणसालाही ते लागतात.

भिंगरीचा घसा कसा आहे? कोमट पाण्याच्या गुळण्या करव. ती गुळणी गिळून टाकते आणि थुंकल्याचा आव आणते, तेव्हा समोर उभी राहा.

आता तुझं पत्र. चहाचं खरं आहे, दिव्यांचंही. म्हणून काल मी तिकीट काढून तोच सिनेमा पोरांच्या गर्दीत बसून पाहिला. राणी आली तेव्हा शेजारचं एक पोर आजीच्या कुशीत शिरलं आणि गाणं लागताच बाहेर आलं. मला शिक्का बदलावासा वाटला नाही. तू शंभर पत्रं लिहिलीस तरी वाटणार नाही.

तुझं एक वाक्य मात्र घशात अडकलंय. तुला-मला ठाऊक आहे. आणि तिला?

तुम्ही दोघं हॉस्पिटलात होतात तेव्हा पोर माझ्याकडे होती. बाबा कधी येणार, म्हणून माझा जीव खायची. तू मला बजावलंस की मी तोंड उघडायचं नाही, तू आई आहेस, तूच सांगणार. मी ओठ शिवून घेतले. पुढे विचारलं तेव्हा म्हणालीस, सांगून झालं. त्या भरवशावर मी सिनेमा सुचवला. वाटलं, बाप गमावलेल्या पोरीने एकदा गोष्टीत तरी बाप परतलेला बघावा, रडावं आणि घरी यावं. आज काकूंना फोन केला. बाबा लांब कामावर गेलाय असंच बोलायचं, अशी त्यांना तुझी ताकीद आहे म्हणे.

म्हणजे खोटं बोलला तो सिनेमा, तू नव्हे! दिवसभर लॅबमध्ये कवळ्या घडवतेस, खोटं बेमालूम बसवायला तुझा हात बसलेलाच आहे. पण एवढं ध्यानात घे. त्या सिनेमात बस कुठेही नाही. दगड झालेला माणूस बसने येत नाही. लांब कामावर गेलेला येतो.

सांग तिला. नाहीतर मी पुढच्या गाडीने येते आणि सांगते.

जिच्यावर तुला हक्काने चिडता येतं, ती

ताई

---

ता. १४ मे

नमस्कार नाही. येऊ नकोस. आलीस तर दार उघडणार नाही. माझी पोर आहे, मी सांगेन.

---

ता. २ जून

ती. ताईस,

सा. न. वि. वि. आज सगळं घे.

सांगितलं. स्वयंपाकघरात, फरशीवर बसून मटार सोलताना. बाबाचं हृदय बंद पडलं आणि ते पुन्हा चालू होत नाही, असं सांगितलं. तिने विचारलं, मग तो कुठल्या कामावर होता. मी म्हटलं, कुठल्याच नाही. तिने भांडं लाथाडलं. मग मला मारलं, हात पोचेल तिथे. मी मार खाल्ला. दोन दिवस ती काकूंच्याच हातून जेवली. फ्रिजखालून अजून मटार निघताहेत.

कवळीचा टोमणा फार लागला. त्यावर तुला सुनवायला मी एक वाक्य तयार ठेवलं होतं. कवळी लावणाऱ्या म्हाताऱ्याला ती खोटी आहे हे ठाऊक असतं, झोपताना तो स्वतःच ती काढून पाण्यात ठेवतो. वाक्य मनात घोळवलं आणि कळलं, ते तुझ्याच बाजूचं आहे. त्याचाही राग आला.

काल ती हट्टाला पेटली की तोच सिनेमा पुन्हा बघायचा. नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. शेवटचं कडवं आलं तसा मी तिचा हात धरायला गेले. तिने काढून घेतला. दगडाने डोळे उघडले आणि आमची बया भर थिएटरात खणखणीत आवाजात म्हणाली की हा मेलाच नव्हता, नुसता दगड झाला होता, मेलेले उठत नाहीत. दहा डोकी वळली. पुढच्या बाईने मला फटकारलं की पोरीला आवरा, लहान मुलं बसलीत इथे. मीही आवाज न उतरवता तिला सांगितलं की पोर खरं बोलतेय आणि ती स्वतःही लहानच आहे. तोवर भिंगरी गायला लागली होती. घसा उत्तम आहे, काळजी करू नकोस.

घरी येताना तिला विचारलं, लहान मुलांनी हा सिनेमा बघावा का. बघावा म्हणाली. राणी दुष्ट आहे, पण ती गोष्टीतली आहे. तुझ्या समितीला तसं कळव आणि शिक्का राहू दे.

बसथांब्यापाशी एक बस थांबली, दार उघडलं. तिने बघितलंही नाही. रस्ता ओलांडायला तिने माझं बोट धरलं आणि ओलांडून झाल्यावर सोडलं.

तू ये. दार उघडीन. येईपर्यंत तुझा लोभ असू दे. सिनेमाला तिने माफ केलंय, मला अजून नाही.

तुझी

धाकटी