उंबराच्या पाण्याच्या गाण्याची चाल माझी नव्हे

मी, आर्थर मिस्किटा, वय वर्षे सत्त्याहत्तर, मूळ राहणार ठाणे, हल्ली मुक्काम मिसिसागा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. औषधे चालू आहेत, पण ती गुडघ्याची. डोके ठिकाणावर आहे. यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांत मी स्वतःला संगीतकार म्हटले होते.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक माझी मुलगी तेरेसा हिला.

२. जावई ॲलिस्टर याला गॅरेजमधील त्याचेच विंटर टायर्स. अकरा वर्षे ते माझ्या सायकलीवर रचून ठेवले आहेत. आता न्यावेत.

३. बेसमेंटमध्ये नाताळच्या ताऱ्यांच्या डब्याखाली एक छोटी ग्रामोफोनची तबकडी आहे. ती नात जोआना हिला. त्यावरचे साल तिने स्वतः वाचावे.

हे कलम लांबेल, त्याला इलाज नाही. आम्हा ठाण्याकडच्या ख्रिस्ती लोकांत लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरा-नवरीच्या अंघोळीसाठी विहिरीवरून वाजतगाजत पाणी आणतात, त्याला उंबराचे पाणी म्हणतात. त्या वेळचे ‘आर्थरचे गाणे’ इथे दोन पिढ्यांनी म्हटले. शब्द माझे आहेत. चाल एका फ्रेंच गायिकेच्या अगदी सुरुवातीच्या गाण्याची आहे. बोटीवर नोकरीला असलेल्या मामाने १९६९ साली ती तबकडी आणली, तेव्हा खोलीत आम्ही दोघेच होतो, मी आणि ट्रम्पेट वाजवणारा माझा मित्र प्रेस्टन डिमॉन्टी.

१९८३ मध्ये इथल्या मंडळाने माझा सत्कार ठरवला. प्रेस्टन सभेत उठून म्हणाला, “चाल आर्थरची नाय. रेकॉर्ड त्याच्याकडेच आहे, विचारा त्याला.” मी म्हणालो, “घरी जा प्रेस्टन, तू प्यायलायस.” आईच्या मरणानंतर त्याने थेंबाला शिवायचे नाही अशी शपथ घेतली होती, आणि ते मला ठाऊक होते. लोक हसले. आम्ही दोघे ज्यात वाजवायचो त्या बँडने त्याला बोलावणे बंद केले.

पुढे त्याच्या मुलीचे, क्रिस्टाचे लग्न ठरताना सासरकडचे बापाच्या पिण्याची चौकशी करायला आले, तेही माझ्याकडेच. मी म्हणालो, “आता बरा आहे तो.” त्या लग्नात पाणी परसातल्या नळाच्या होजपाइपचे होते आणि गाणे माझे म्हणून वाजले. प्रेस्टन समोरच उभा होता. हे लिहिताना मला माझीच किळस येते.

मागच्या वसंतात ती गायिका, आता ऐंशीची, तेच गाणे पुन्हा गायली. माँट्रियलहून जोआनाचा फोन आला. “ग्रँपा, शी स्टोल युअर साँग! मी त्यांना ईमेल करते.”

मी म्हणालो, “जाऊ दे बाळा. माफ कर तिला.”

म्हणजे चोरी मी केली आणि माफीही मीच वाटली. त्या दिवसापासून मला चर्चमध्ये मिसच्या वेळी मान वर करवत नाही.

४. माझ्या अंत्यविधीनंतर, जेवण वाढण्याआधी, कलम तीन हॉलमध्ये मोठ्याने वाचावे. तेरेसाने मराठीत, जोआनाने इंग्रजीत. भरल्या पोटी लोक लवकर माफ करतात.

५. माझी क्लॅरिनेट प्रेस्टन डिमॉन्टी याला. ~ हे कलम खोडले आहे. कारण खाली.

आज रविवारी हा कागद घेऊन मी ओकव्हिलला प्रेस्टनकडे गेलो. त्याने चष्मा लावून सगळे दोनदा वाचले. चहाला विचारले नाही, ते बरोबरच होते.

“विटनेस कोण आहेत?” त्याने विचारले.

“शेजारचा देवदत्त. दुसरा शोधतोय.”

“विटनेसला विलमधलं काही घेता येत नाही ना?”

“नाही.”

“मग क्लॅरिनेट कट कर,” तो म्हणाला. “मी सही करतो.”

त्यानंतर देवदत्तला इथे बोलावून घेतले. आता तिघे एकमेकांसमक्ष सह्या करत आहोत. प्रेस्टन सहीखाली स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिणार आहे. ती खोडू नये.

ठिकाण: ओकव्हिल, ऑन्टॅरिओ
दिनांक: १९ ऑक्टोबर २०२५

मृत्युपत्र करणार: आर्थर मिस्किटा

साक्षीदार १: देवदत्त केळकर

साक्षीदार २: प्रेस्टन डिमॉन्टी
सही करताना मी प्यालेलो नाही. तेव्हाही नव्हतो.