पट्टी उतरते आहे

२१ जून १९७१, पळसदरी

पोहोचले एकदाची! कर्जतला शटलची वाट बघताना तीन वडे खाल्ले. बाबा म्हणाले, अगं दया, गायला चाललीस की खायला? आणि स्वतःसाठी चौथा मागवला.

आमचं संगीत विद्यालय म्हणजे धरणाच्या अलीकडचा जुना दगडी बंगला. खाली वर्ग आणि जेवणघर, वर मुलींच्या खोल्या, मुलगे मागच्या बराकीत. अंगणापलीकडे प्रार्थनेचं चॅपल. माझ्या खिडकीतून त्याचं दार समोरच दिसतं. खोलीतली जोडीदारीण सरोज मिरजेकडची. आल्या आल्या तिच्या तीन मावश्यांची भांडणं मला सांगून झाली, मध्ये श्वास म्हणून घेतला नाही. पण गायला लागली आणि मी ट्रंक आवरायची सोडून ऐकतच बसले. इथं सगळ्या अशा असतील तर माझं कसं व्हायचं?

संगीतशास्त्र, इतिहास, उपासनेची गीतं, सगळं एकटे अमोलिक सरच शिकवतात. इतकं हळू बोलतात की पुढं वाकून ऐकावं लागतं. बाबा म्हणाले, किती नम्र माणूस आहे बघ. बाबांची परतीची गाडी होती, ते अंगणातूनच सगळ्यांना सलाम करून गेले. मग सरांनी मला चॅपल दाखवलं. खाली म्हणे रेल्वेच्या जमान्यातली पाण्याची मोठी टाकी आहे, तिच्यावरच फरशी घातली, म्हणून आवाज असा घुमतो. मी एक सूर लावून पाहिला. काय घुमला! अंगावर काटा आला. तीन वर्षं मी इथं गाणार!

२९ जून

वैताग आलाय नुसता. चार आवाजांची गीतं लिहायला दिलीत. वर सॉप्रानो, तो सरोजचा, मग आल्टो, तो माझा, मग टेनर, खाली बास, चौघांची चाल वेगळी. त्यातले दोन आवाज पाच सुरांचं अंतर ठेवून जोडीनं चालले की गुन्हा. का, तर नियम आहे. आणि इतिहासाच्या तासाला हेच सर सांगतात की हजार वर्षांपूर्वी मठांतले साधू नेमके तसेच गात होते. मी विचारलं, मग ते सगळे नापास का? वर्ग हसला. सर हसले नाहीत. माझी वही लाल रेघांनी भरून परत आली.

आमच्या गावच्या चर्चच्या मंडळीत बाबा टाळ घेऊन कीर्तनाला उभे राहिले की बाया-पोरं आपोआप सुरात येतात. तिथं कुणी अंतरं मोजत बसत नाही. पण मला पास व्हायलाच हवं. ऑगस्टअखेरच्या परीक्षेत सरांनी गायनात नापास केलं की ट्रंक उचलायची, आणि नाताळच्या आत त्या राहुरीच्या कंपाउंडरशी लग्न. मी पाहिलंय त्याला. प्रार्थनेत जांभया देतो. पास झाले तर आपल्या मंडळीत मी गाणं शिकवणार, असं बाबा गावभर सांगून बसलेत.

८ जुलै

चॅपलात वाद्य चालत नाही, नुसत्या गळ्यानं गायचं. सर सुरुवातीचा सूर देतात आणि आम्ही उचलतो. आज गीत संपलं तेव्हा मला काहीतरी खुपलं. वर्गात जाऊन पायपेटीवर पाहिलं. सुरुवात पांढरी पाचला केली होती, शेवट काळी तीनला झाला. सगळेच्या सगळे अर्धा सूर खाली घसरलो होतो, आणि कुणाला पत्ता नाही!

तसं यात विशेष काही नाही. वाद्य नसलं की गाणारे हळूहळू उतरतातच. पण सरांना सांगितलं तर म्हणाले, उतरलं कोणी नाही, तूच चढी आहेस. मी चढी! माझ्या कानाकडं आजवर कुणी बोट दाखवलं नाही. जेवले नाही.

१६ जुलै

आता हद्द झाली. काल जिथं घसरून थांबलो होतो, आज सरांनी बरोब्बर तिथूनच सूर दिला. कालचा उतरलेला सूर आजची सुरुवात, आणि संपेपर्यंत आणखी केसभर खाली. रोज हेच चाललंय. पायपेटीवर रोज पाहते, चूक माझी नाही. सरोजला पेटीपाशी नेलं, पट्टी दाबून दाखवली. तिनं ऐकलं आणि म्हणाली, पेटीच बिघडली असेल गं. पेटी बिघडली म्हणे!

मला मागच्या रांगेत ढकललं. उजवीकडचा मुलगा माझ्याकडं बघून मान हलवतो. शेवटी ताठ राहून खरा सूर गाणारी मी एकटी, म्हणून बेसूर कोण, तर मी. रडूसुद्धा येत नाही, इतका राग आहे.

२६ जुलै

आज जरा बरं वाटलं, मालनबाईमुळं. ही आमची स्वयंपाकीण, गावातली, सकाळी येते आणि दुपारचं उरकून घरी जाते. तांदूळ निवडताना लेकीचा पाळणा म्हणते, आणि रोज एकाच पट्टीत! मी पेटीवर ताडून पाहिलं, केसभर हलत नाही. तिला सांगितलं तर हसत सुटली. म्हणाली, मला नाय बा कळत त्यातलं, पोरीला झोप लागली की झालं. वर मला म्हणाली, तू लय बारीक झालीस गं, त्या गाण्यापायी उपाशी नको मरू, भाकर खा.

तिच्याजवळ बसून मी आमचं गीत खऱ्या पट्टीत म्हणून घेतलं. कान धुऊन निघाल्यासारखं वाटलं.

३ ऑगस्ट

आज मी सरांना पुरावाच दिला. मालनबाईला हात धरून चॅपलात नेलं. ती नको नको म्हणत होती. म्हणाली, आमी तिकडं कशाला, माझे हात पिठाचे हायत. पण मी ऐकते कसली! सगळ्यांसमोर तिला पाळणा म्हणायला लावला. म्हटलं, सर, ऐका, ही बाई रोज याच पट्टीत गाते, आणि आता तुमचा सूर लावून बघा, किती खाली आलोय ते कळेल.

पहिलं कडवं बरोबर गेलं. दुसऱ्यात ती उतरायला लागली. माझ्या डोळ्यांसमोर. तिचा चेहरा कसनुसा झाला, एकदा पायाखालच्या फरशीकडं पाहिलं आणि मग हसायला लागली. पाळणा संपला तेव्हा ती नेमकी त्यांच्या सुरात होती. सर हळूच म्हणाले, बघ, शिकली.

सगळ्यांदेखत तोंडावर पडले मी.

५ ऑगस्ट

मालनबाई कामाला आली. तांदूळ निवडत होती. गात नव्हती. मी विचारलं, बाई, बरं नाही का? तिनं मान डोलावली, हसली, तोंड उघडलं. आवाज आलाच नाही. तिला त्याचं काही वाटलंही नाही, पुन्हा सुपात बघायला लागली.

सर्दी असेल, असं म्हणत मी दिवसभर फिरले. दुपारी ती घरी जायला निघाली तेव्हा फाटकापर्यंत मागं गेले. काय म्हणणार होते तिला? मीच नेलं होतं तिला तिकडं.

१२ ऑगस्ट

आता लक्षात येतंय, सरोज कधीपासून बोललेली नाही. सूर रोज उतरत गेला तसं तिचं बोलणंही आटलं. मावश्या नाहीत, भांडणं नाहीत. मी रागात होते, मला वाटलं, तीही माझ्यावर रुसलीय. आज जेवताना बघितलं. ताटं वाजतात, पाणी ओतल्याचा आवाज येतो, आणि कुणीही एक शब्द बोलत नाही. सगळे खूश. माझ्या प्रश्नाला सगळे फक्त मान डोलावतात.

सर तेवढे अजून बोलतात, तेही ओठांच्या कडेनं. नम्र कसले! त्यांच्यात आवाज उरलाय तो तेवढाच.

१३ ऑगस्ट

सरावात मुद्दाम सरोजच्या मागं उभी राहिले. तिच्या तोंडाशी कान नेला. ओठ हलत होते, श्वास येत होता, आवाज नव्हता. पण सॉप्रानोची ओळ चालू होती! सरोजचाच आवाज, स्वच्छ, मी हजारांत ओळखीन —

खालून येत होता. फरशीतून, तिच्याखालच्या टाकीतून. माझ्या तळपायांना लागत होता.

त्यात मालनबाईचा पण होता.

१९ ऑगस्ट

तोंड मिटून उभी राहते. सरांनी बोलावून सांगितलं, २७ तारखेला परीक्षा, त्याआधी एकदा तरी सगळ्यांबरोबर गायलीस तर पास, नाहीतर त्याच दिवशी घरी. परीक्षेला पालकांना बोलावलंय. बाबांचं कार्ड आलं, येतोय. सगळ्या मंडळीनं तुझ्यासाठी प्रार्थना केली, असं लिहिलंय.

जाते घरी, असं म्हणते आणि डोळ्यांसमोर तो कंपाउंडर येतो. आणि बाबांचा चेहरा. सगळ्यांसमोर, नापास मुलीची ट्रंक उचलताना.

२४ ऑगस्ट

एकटीनं बरोबर असण्याचा कंटाळा आलाय. खरंच सांगते, थकले. फक्त एकदा गाईन. एका गीतापुरतं. मग पुन्हा कधी नाही. मला माझा सूर माहीत आहे, मी परत वर येईन.

२६ ऑगस्ट

गायले.

किती सोपं होतं! नुसतं सोडून द्यायचं. इतके दिवस धरून धरून घसा सोलवटला होता, तो दुखायचा थांबला. सगळ्यांच्या बरोबर, एकसारखं. सर माझ्याकडं बघून हसले, इथं आल्यापासून पहिल्यांदा. माझ्या नावापुढं पास लिहिलं. मला इतका आनंद झाला की सरोजला ओरडून सांगायला गेले, आणि

नाही. काही नाही. तोंड उघडं, आणि काही नाही.

२६, संध्याकाळ

घसा ठीक आहे. गिळता येतं. खोकला येतो, त्याचाही आवाज नाही. चॅपलच्या दारापाशी उभं राहिलं की आतून आल्टोची ओळ ऐकू येते. आत कुणी नाही. छान गातेय. मीच.

सकाळी फाटकावर जाऊन उभी राहीन. बाबा दिसले की हात धरून सरळ स्टेशन —

२७ ऑगस्ट

खोलीचं दार बाहेरून बंद. सरोजनं कडी घातली. फटीतून बघितलं, हसत होती. इतकी खूश.

पाऊस. बाबा आले. छत्री, धोतर वर धरलेलं. अंगणात उभे. त्यांना लांबचं दिसत नाही. लोटा खिडकीच्या गजांवर बडवला — वर बघितलं त्यांनी! वर बघितलं — आणि चॅपलातून मी हाक मारली. बाबा, इकडं या ना, मी पास झाले. अगदी माझाच आवाज. मी इथं वर आहे बाबा, ही —

पान फाडून लोट्याला बांधलं, गजांमधून लोटा फेकला. चिखलात पडला. त्यांनी बघितलंच नाही. किती लगबगीनं गेले.

चॅपलच्या उंबऱ्यात चपला काढल्या. आत गेले. दार उघडंच आहे. सर सूर देतायत. बाबांना हातानं खुणावतायत, गा म्हणून, मुलीबरोबर.

बाबांनी आवाज लावला. देवा, काय खणखणीत! सगळ्या घसरलेल्यांच्या वर, एकटा, खरा. इथं माझ्या खोलीपर्यंत पोचतोय. आता त्यांना कळेल. ते हलणार नाहीत, कधी नाही हलले, भर कीर्तनात पेटी बिघडली तरी —

थोडा उतरला.

नाही, धरला परत. धरा बाबा. माझ्या आवाजाकडं लक्ष देऊ नका, तो तुम्हाला खाली ओढतोय, ती मी नाही, धरून ठेवा — उतरतायत — बाबा सोडू नका, सोडू न