ब्रॅकनहॉल्म ट्रेडिंग आणि चकलीचा सोऱ्या

४ सप्टेंबर १९९८, शुक्रवार. अल मजाज, शारजा.

निर्णय झाला. कंपनी काढायची. परवापासून पितृपक्ष आहे, म्हणून निर्णय आजच उरकला.

कारण सरळ आहे. प्रमिलाच्या चकलीवर शारजा-दुबईतली अर्धी मराठी घरं दिवाळी साजरी करतात. धंदा आहे, स्ट्रक्चर नाही. इथे कंपनी काढायची तर एक्कावन्न टक्के लोकल पार्टनरला द्यावे लागतात. ब्रिटनमध्ये तसं काही नाही. घरबसल्या फॅक्स करायचा, लंडनचा एजंट कंपनी काढून देतो. एकटा माणूससुद्धा अख्खी कंपनी होऊ शकतो. संस्कृतात एम.ए. करून आयुष्यभर दुसऱ्याच्या ऑफिसात डॉक्युमेंट कंट्रोल करायचं, हे आता खलास.

प्रमिलाने विचारलं, चकलीला कंपनी कशाला हवी. सविस्तर सांगितलं. सांगून झालं तेव्हा ती ओट्यापाशी तेल तापलं का बघत होती.

११ सप्टेंबर

ब्रिटिश कायद्याचा अभ्यास चालू. विषय फारच आपला निघाला. कंपनी ही स्वतंत्र व्यक्ती. ती दिसत नाही, जेवत नाही, भागधारक मेले तरी मरत नाही. पण तिची मालमत्ता असते, ती कोर्टात जाऊ शकते. आपले लोक हे आत्म्याबद्दल बोलून थांबले. इंग्रजांनी त्याला दोन पौंडांचं भांडवल दिलं.

शिवाय जबाबदारी मर्यादित. बुडाली तर आपले दोनच पौंड जाणार. हे प्रमिलाला समजावलं. ती म्हणाली, बुडवायचीच असेल तर एका पौंडाची घ्या.

एक अडचण: डायरेक्टर एकटाच असेल तर सेक्रेटरी दुसरं कुणीतरी लागतं. तेव्हा मी मॅनेजिंग डायरेक्टर, प्रमिला कंपनी सेक्रेटरी. तिने विचारलं, सेक्रेटरीनं काय करायचं. म्हटलं, ठराव लिहायचे, रजिस्ट्रारचे कागद वेळेवर पाठवायचे. मग चकल्या कोण तळणार, असं तिचं म्हणणं. हा ऑपरेशनल प्रश्न आहे. नंतर घेऊ.

२४ सप्टेंबर

नावासाठी सहा संस्कृत पर्याय फॅक्स केले होते. एजंट कळवतो की दोन आधीच घेतलेली आहेत आणि उरलेली चार त्याला टाइप करता येत नाहीत. त्याच्याकडे तयार कंपन्या आहेत, दुकानातल्या तयार शर्टासारख्या. नाव, नोंदणी सगळं झालेलं. आपण फक्त घालायची. एकशेवीस पौंड. म्हणजे साडेसातशे दिरहम, म्हणजे साडेआठ हजार रुपये, असं प्रमिला मोठ्याने म्हणाली.

घेतली. नाव ब्रॅकनहॉल्म ट्रेडिंग लिमिटेड. मनालीचं मत (वय पंधरा, मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत): 'बाबा, इट साउंड्स लाइक अ कफ सिरप.' मला मात्र त्यात कुठेतरी 'ब्रह्म' ऐकू येतं.

१ ऑक्टोबर, दसरा

ऑफिसच्या पी.ओ. बॉक्सवर पार्सल आलं. सर्टिफिकेट, शिक्का उठवायचं लोखंडी यंत्र आणि कंपनीची उद्दिष्टं, पाने तीन. आपली कंपनी खाणी खोदू शकते, जहाजं बांधू शकते, रेल्वे चालवू शकते, रबराचे मळे घेऊ शकते. चकलीचा उल्लेख नाही. पण 'वरील कशालाही पूरक असे इतर' यात ती बसते.

एक बारीक कुसळ. नोंदणीची तारीख १४ सप्टेंबर. ऐन पितृपक्षातला जन्म. मनालीला म्हटलं, जन्म कार्डिफच्या रजिस्ट्रार ऑफिसात झालाय, तिथे पितृपक्ष लागू नसावा. ती म्हणाली, व्हॉटेव्हर.

शिक्क्याचं यंत्र उत्तम चालतं. मनालीच्या प्रगतिपुस्तकावर शिक्का उठवून पाहिला.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

पहिली बोर्ड मीटिंग. उपस्थित: मी. सेक्रेटरी भाजणी दळत असल्याने दारातून उपस्थित. ठराव एकमताने मंजूर: ग्राइंडर, चकलीचा सोऱ्या, दोन मोठी पातेली आणि भाजणीचं प्रमाण आजपासून कंपनीच्या मालकीचं. आता हे सगळं आमचं नाही, ब्रॅकनहॉल्मचं. आमच्यावर उद्या काही आलं तरी सोऱ्याला धक्का लागणार नाही. प्रमिलाने विचारलं, मग मी आज वापरू ना? तोंडी परवानगी दिली.

१७ सप्टेंबर १९९९

वर्षात फार लिहिता आलं नाही. कंपनीचा विस्तार मनातल्या मनात चालूच होता.

एजंटचं पत्र. कंपनीला वर्ष झालं, वार्षिक विवरणपत्र भरून बारा ऑक्टोबरच्या आत पाठवा. सोबत त्याची स्वतःची वार्षिक फी. एकदा घेतल्यावर दरवर्षी काय मागायची? दुर्लक्ष करणार. फॉर्म सोपा आहे, नाव-पत्ता आणि एक सही. घरात गणपती आहेत. उठले की करू.

२८ सप्टेंबर

गणपती उठले, पितृपक्ष लागला. या दिवसांत नव्या कागदावर सही करणं मनाला पटत नाही. प्रमिला म्हणाली, अहो, कंपनीच पितृपक्षात जन्मलीय, तिला काय होतंय. तर्क बिनतोड होता, म्हणून उत्तर दिलं नाही.

दसऱ्याला करू. साडेतीन मुहूर्तांपैकी एक. आठवडाभर उशीर होईल. इतकं इंग्रजांना समजतं. त्यांच्याकडेही रविवार पाळतात.

१९ ऑक्टोबर, दसरा

फॉर्म सापडत नाही.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार

दिवाळी झाली. फॉर्म सापडला, फरसाणाच्या डब्याखाली. तेलाचे डाग पडलेत. असा कागद ब्रिटिश सरकारला पाठवणं शोभत नाही. नवा मागवू.

आज मोठा प्रसंग. सकाळी नातूर, म्हणजे बिल्डिंगचा रखवालदार, घरमालकाचा निरोप घेऊन आला. मजल्यावर तळणाचा वास येतो, यापुढे फ्लॅटमध्ये धंद्याचं काही तळलं तर घर खाली करा. प्रमिलाचा चेहरा एकदम उतरला. बारा वर्षांचं तिचं काम आहे ते.

संध्याकाळी शहरबानू वर आली. श्रीवर्धनची. तिच्या नवऱ्याचं आमच्याच बिल्डिंगखाली किराणा दुकान. दुकानामागे एक खोली रिकामी आहे. लायसन्समध्ये खाण्याचे पदार्थ वाढवून घेता येतील, लोकल पार्टनर भला माणूस आहे. तिघं मिळून करू, निम्मे पैसे प्रमिलाताईंचे. फक्त प्रमिला माझ्या व्हिसावर असल्यामुळे 'हरकत नाही' असं माझं एका ओळीचं पत्र लागेल. लवकर सांगा, म्हणाली. खोली एक शवर्मावाला मागतोय.

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, सोऱ्या आणि भाजणी कंपनीची आहे. त्यामुळे दुकानाने करार ब्रॅकनहॉल्मशी करायला हवा. प्रस्ताव बोर्डापुढे ठेवतो. शहरबानूने विचारलं, बोर्ड कुठे असतं. म्हटलं, मीच.

जाताना ती प्रमिलाच्या पाठीवर हात ठेवून गेली.

१८ फेब्रुवारी २०००, शुक्रवार

कार्डिफच्या रजिस्ट्रारचं पत्र, एजंटमार्फत. विचारतो, ही कंपनी खरोखर काही धंदा करते का. हे विचारणं म्हणजे कमाल. तीन पानी उत्तर तयार केलं. अस्तित्व आणि क्रिया यांतला भेद दाखवला आहे. क्रिया थांबली तरी कर्ता असतोच. मसुदा उत्तम झालाय. पण साध्या कागदावर कसा पाठवणार? लेटरहेड छापायला टाकलंय.

प्रमिलाने पुन्हा त्या एका ओळीच्या पत्राबद्दल विचारलं. बोर्ड सध्या रजिस्ट्रारमध्ये गुंतलंय, असं सांगितलं. संक्रांतीला तिने तिळाच्या वड्यांच्या ऑर्डरी परत पाठवल्या होत्या. हल्ली संध्याकाळी ती टीव्ही बघते. पूर्वी बघत नसे.

३ मार्च

लेटरहेड आलं. 'हॉल्म'मधला एक 'एल' गळलाय. परत छापायला दिलं.

५ एप्रिल, गुढीपाडवा

आनंदाची बातमी. एजंटने लंडनच्या सरकारी गॅझेटचं एक पान पाठवलंय. त्यात आपलं नाव. ब्रॅकनहॉल्म ट्रेडिंग लिमिटेड, स्पष्ट अक्षरांत. आपल्यासोबत आणखी पन्नासेक कंपन्या आहेत, म्हणजे निवडक यादी दिसते. वर कायद्याचं कलम आणि खाली बारीक टाइपात काहीतरी तीन महिन्यांचं. चष्मा बदलल्यावर वाचू.

ऑफिसात पेढे वाटले. बॉसने हात मिळवला, मबरूक म्हणाला, म्हणजे अभिनंदन. संध्याकाळी खाली दुकानात शहरबानूलाही पेढा दिला. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. आत तांदळाच्या गोण्या दारापर्यंत रचलेल्या. शवर्मावाल्याला म्हणते, गोदाम भरलंय, जागा नाही. तिला विचारलं, एवढा तांदूळ कशाला. म्हणाली, भाऊजी, एका माणसाची वाट बघतेय. कुणाची, ते सांगितलं नाही.

प्रमिलाने आज श्रीखंड बाहेरून आणलं. गोड कमी होतं.

११ ऑगस्ट, शुक्रवार

लंडनहून शेवटचं पत्र. मनालीने वाचून दाखवलं, कारण चष्मा अजून बदललेला नाही. कंपनीचं नाव जुलैत रजिस्टरवरून काढून टाकलं. विवरणपत्र आलं नाही, पत्राला उत्तर नाही, म्हणून. एप्रिलच्या गॅझेटातली यादी होती ती काढायच्या कंपन्यांचीच. मनाली पेढ्यांबद्दल काही बोलली नाही. तिचं ते न बोलणं फार लागलं.

पुढे आणखी आहे. कंपनी अशी विसर्जित झाली की तिची उरलीसुरली मालमत्ता ब्रिटनच्या राजमुकुटाकडे जाते. म्हणजे सोऱ्या. म्हणजे ग्राइंडर, दोन पातेली. भाजणीचं प्रमाणसुद्धा. परत हवं असेल तर इंग्लंडच्या कोर्टात जाऊन कंपनी जिवंत करून घ्यायची.

हे सगळं ऐकत प्रमिला उभी होती. मग आत गेली आणि कागद घेऊन आली. एक ओळ, टाइप केलेली. खाली माझं नाव. कडा मऊ पडल्या होत्या, म्हणजे नोव्हेंबरपासूनचा असावा.

ती म्हणाली, 'आता बोर्ड नाही. तुम्हीच आहात. तुमची हरकत आहे का?'

सही केली. शिक्का उठवायची आठवण झाली नाही.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळी पुढच्या आठवड्यात. सकाळपासून घरात कुणी नाही. प्रमिला खाली, मनालीसुद्धा खाली. कायद्याची बाजू कानावर घालणं माझं कर्तव्य म्हणून मीही गेलो.

मागच्या खोलीत गोण्या नव्हत्या. दोन शेगड्या, मोठा एक्झॉस्ट, भिंतीवर म्युनिसिपालिटीचा कागद. मनाली पाकिटांवर नावं लिहीत होती, मराठीत, चुका करत. प्रमिला तळत होती. तिच्या कपाळावर पीठ होतं आणि ती काहीतरी गुणगुणत होती. हे मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

मी सांगितलं, हा सोऱ्या कायद्याने ब्रिटिश राजमुकुटाचा आहे, तो विनापरवानगी वापरणं योग्य नाही. प्रमिलाने मागे न बघताच सांगितलं, मग राजमुकुटाला म्हणावं, भाजणी संपत आलीय, दोन किलो पाठवून द्या. मनाली हसली. शहरबानू इतकी हसली की तिला झारा खाली ठेवावा लागला.

वातावरण निवळल्यावर मी अनुभवाचा उल्लेख केला. दोन वर्षं मॅनेजिंग डायरेक्टर होतो, सल्लागार म्हणून उपयोग होईल. इथे काही पद रिकामं आहे का, असं विचारलं.

शहरबानू म्हणाली, 'भाऊजी, पद मागाहून बघू. आधी हात धुवून या.'

हात धुतले. दुपारी चारपर्यंत चकल्या पाकिटांत भरल्या. निम्म्या मोडल्या. मोडलेल्या मला खायला दिल्या. चकली उत्तम झालीय, हे नोंदवतो.

उद्या सकाळी सहाला बोलावलंय. उशीर झाला तर दुसरा माणूस बघणार आहेत. प्रमिलाने तसं स्पष्ट सांगितलं आणि या वेळी मी शेवटच्या पत्रापर्यंत वाट बघणार नाही. गजर लावलाय.