पंचवीस तास भरले की नाही

अंबड, नाशिक
रविवार, दि. ७ नोव्हेंबर २००४

तीर्थरूप दाजींच्या सेवेशी, मेहुणा मोतीराम याचा इथूनच वाकून नमस्कार.

तुमचं पत्र मंगळवारी पोचलं. आशाताईचा गुडघा आता बरा असेल. मस्कतच्या उन्हात तो आपोआप शेकून निघतो असं ती फोनवर म्हणाली, तरी आमच्या सरिताने निरगुडीचा पाला वाळवून ठेवला आहे, कोणी येणारं असलं की पाठवते. तुमच्या पित्ताचं काय? दुपारी ताक घेता का? आमच्याकडे सगळे खुशाल. सरिताचं ब्लडप्रेशर ताळ्यावर आहे, निदान मी घराबाहेर असतो तेवढा वेळ तरी. माझी तब्येत ठणठणीत. फक्त माझ्या माकडटोपीला गोंडा राहिलेला नाही. ते पुढे ओघात येईलच.

तुमचा प्रश्न सरळ आहे. तुमच्या हौसेच्या छोट्या विमानाच्या जेट इंजिनाचे पंचवीस तास भरले का, सर्व्हिसिंगला धाडायची वेळ झाली का, हो की नाही ते लिहावं, मोघम नको. सोबत जर्मनीच्या कंपनीचा फॉर्मही पाठवलात, आणि पुढच्या रविवारी तुमचा मुंबईचा माणूस पार्सल न्यायला येईल असंही कळवलंत. शिवाय खाली एका ओळीत लिहिलंत की सर्व्हिसिंग झाल्यावर इंजिन परस्पर मस्कतला मागवून घेईन, कारण तिथे छोटी विमानं उडवणाऱ्यांचं मंडळ आणि भरपूर मोकळं मैदान मिळालं आहे. आनंदाची गोष्ट आहे. इंजिन तुमचं, हौस तुमची, मी आपला अडीच वर्षं राखण करणारा. तेव्हा त्या ओळीचा माझ्या उत्तराशी काडीचा संबंध नाही हे सुरुवातीलाच स्पष्ट करतो. मला काय, आज धाडा म्हणालात तर आज धाडीन. पण दाजी, बत्तीस वर्षं कारखान्यात मेंटेनन्सला काढल्यावर सांगतो, मशीन कधी खोलायचं हा जगातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे. आणि या इंजिनाने तर माझं डोकं पार फिरवलं आहे.

आधी तासांचं बघू. तुम्ही सुट्टी संपवून गेलात तेव्हा विमानाचे पंख आमच्या माळ्यावर ठेवून गेलात (ते तिथेच आहेत, सरिता त्यांच्याआड पापडाचे डबे लपवते) आणि म्हणालात, मोतीराम, इंजिन अधूनमधून चालवत जा, नाहीतर आखडेल. मी ते अँगलच्या टेबलावर बोल्टने जखडलं, टेबल घरामागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये रोवलं आणि दर शनिवारी साडेनऊला सुरू करत आलो. शनिवार का, तर इथल्या औद्योगिक वसाहतीची सुट्टी शनिवारी. दुधाच्या किटलीएवढं ते यंत्र, पण आवाज असा की पहिल्या दिवशी तीन गल्ल्यांतली माणसं धावत आली, आणि नंतर ती यायची थांबलीच नाहीत. आता लोक सतरंज्या घेऊन येतात. नवीन जावई आला की आधी त्र्यंबकेश्वर आणि मग इंजिन, असा क्रम आहे. आमचे चांदवडचे व्याही खास बघायला आले आणि त्यांनी विचारलं, हे करतं काय? मी म्हटलं, चालतं. त्यांचं समाधान झालं.

तर मी पहिल्या दिवसापासून वही ठेवली. पण सवय वाईट, दाजी. आमच्या कारखान्यात मशीन दहा मिनिटं फिरलं तरी नोंद व्हायची ती 'एक पाळी', आणि पाळी म्हणजे आठ तास. हात आपोआप तेच लिहीत गेला. पहिले सव्वीस शनिवार 'एक पाळी, ठीक' अशीच नोंद आहे. त्या हिशेबाने इंजिन पहिल्या सहा महिन्यांतच दोनशे आठ तास चाललेलं आहे आणि तुमच्या पुस्तकाप्रमाणे त्याचं आठ वेळा सर्व्हिसिंग होऊन जायला हवं होतं. चूक लक्षात आल्यावर मी मिनिटं लिहू लागलो. पण मिनिटं मोजायची कुठून? मोटर फिरायला लागते तिथून, की रॉकेल पेटतं तिथून? आणि बंद केल्यावर ते थंड होण्यासाठी नुसतंच फिरत राहतं, ते चालणं धरायचं की विश्रांती? मी काही शनिवारी एक धरलं, काही शनिवारी दुसरं. दोन शनिवारी सरिताने नोंद केली, तिथे 'बराच वेळ' एवढंच आहे. अशा वहीवरून माणसाने हो म्हणावं की नाही म्हणावं?

त्यात दसरा आला. खंडेनवमीला घरातली हत्यारं पुसून पुजायची हे तुम्हाला सांगायला नको. पाने, करवत, व्हाइस, सरिताचा मिक्सर सगळे ओळीत मांडले आणि मधोमध इंजिन. मी पूजा करून अंघोळीच्या बंबाकडे वळलो तेवढ्यात सरिताने मनापासून दुसरी पूजा केली. बाकीच्या हत्यारांना तोंड नाही, याला आहे, म्हणून तिने अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या पुढची जाळी काढून थेट तोंडात घातल्या, आणि जाळी पुन्हा नीट बसवून वर हळदीची पाच बोटं ओढली. (जाळी काढायचे स्क्रू बारीक असतात. तिने ते बटाटा सोलायच्या सुरीने काढले. मी दुखावलो आहे.) मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पुढच्या शनिवारी इंजिन सुरू केलं तर मागून आधी पिवळा धूर, मग भाजक्या तांदळाचा वास, आणि समोर बसलेल्या मंडळींवर राखेचा बारीक सडा. कोणीही उठलं नाही. उलट दोन-चार जणांनी हात जोडले आणि मागच्या गल्लीतल्या तानुबाईंनी राख कपाळाला लावली.

आता तुमचं पुस्तक म्हणतं की बाहेरची वस्तू आत गेली तर तास न बघता इंजिन खोलायला पाठवा. पण अक्षता ही बाहेरची वस्तू म्हणायची का, हे मी पूजा करणारीसमोर बोलू शकत नाही. पुस्तक असंही म्हणतं की मागच्या नळकांड्यावर पिवळसर झाक आली तर इंजिन जास्त तापलं आहे असं समजा. दाजी, झाक आलेली आहे. पिवळसरच आहे. पण ती तापल्याची की हळदीची, हे मी भिंग लावून, ओल्या फडक्याने आणि एकदा जीभ लावूनसुद्धा ठरवू शकलो नाही.

म्हणून जाणकारांना विचारलं. आमच्या शेजारचे केरूअण्णा ओझरला विमानाच्या कारखान्यात होते, त्यांचा शब्द शेवटचा असं मी मनाशी धरलं. ते म्हणाले तास मोजूच नका, इंजिन किती वेळा सुरू झालं ते मोजा, खरा ताण पेटताना येतो. मग त्यांनी चष्मा लावून माझी वही अर्धा तास वाचली आणि विचारलं की 'बराच वेळ' म्हणजे नेमके किती वेळा. दुसरे आमचे निफाडचे भिका मामा. उभा जन्म द्राक्षबागांचे पंप दुरुस्त करण्यात गेला. त्यांनी इंजिनाभोवती एक फेरी मारली, टेबल हलवून पाहिलं आणि म्हणाले, "मोतीराम, वाजत नाय तवर खोलू नको. चांगलं चाललेलं मशीन खोललं का ते रुसतं. मी लय पाहिलेत." केरूअण्णा म्हणाले की हे वाजेल तेव्हा त्याचे तुकडे आपल्या छपरावर पडलेले असतील. भिका मामा म्हणाले, "मंग तवा कळंलच की." दोघांचंही मला पटलं, आणि इथेच माझा घोळ झाला.

शेवटी मी माझ्या पद्धतीने जायचं ठरवलं. आमच्याकडे बेअरिंग तपासायची रीत एकच. लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक मशीनच्या अंगाला आणि मूठ कानाला. आतलं सगळं ऐकू येतं. बत्तीस वर्षांत माझा कान कधी चुकलेला नाही. काल शनिवारी सकाळी थंडी होती म्हणून माकडटोपी घातलेली. इंजिन चालू केलं, वेग उतरवला, लोकांना गप्प बसायची खूण केली, टोपी कानावरून वर सरकवली आणि वाकून मूठ कानाला लावली. वाकल्यावर गोंडा पुढे आला. मी इंजिनाच्या तोंडाजवळ आहे हे गोंड्याला माझ्याआधी कळलं. टोपी डोक्यावरून गेली ती सरळ जाळीवर जाऊन चिकटली, श्वास कोंडल्यासारखा इंजिनाने एक आवाज काढला आणि ते बंद पडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं हा नवीन भाग आहे. टोपी शाबूत निघाली, गोंडा मात्र निघाला नाही. तो जाळीतून आत गेला, की वाऱ्याने शेजारच्या बाभळीत गेला, यावर केरूअण्णा आणि भिका मामा अजून भांडत आहेत. मी बाभळीवर चढून पाहिलं. नाही म्हणायला एक लोकरीचा धागा सापडला, पण तो निळा आहे आणि माझी टोपी तपकिरी.

तर दाजी, परिस्थिती ही अशी. वहीवरून तास जास्त, आठवणीवरून कमी, अण्णांच्या मते मोजणंच चूक, मामांच्या मते खोलणंच चूक, रंग पिवळा पण हळद लागलेली, आणि गोंड्याचा ठावठिकाणा नाही. हो की नाही असं तुम्ही विचारलंत, पण माझ्याकडून यापेक्षा स्पष्ट उत्तर निघत नाही. घाईत निर्णय नको. मुंबईच्या माणसाला तूर्त येऊ नका म्हणावं. संक्रांतीनंतर बघू. आशाताईला नमस्कार सांगावा, थंडीचे दिवस आहेत, लोकर घालून फिरू नये.

आपला नम्र,
मोतीराम

ता. क. : पत्र सरिताला वाचून दाखवलं. ती म्हणाली, सगळं लिहिलंत, डबीचं का नाही लिहिलं. तुम्ही इंजिनासोबत ती पडद्याची डबी दिली होतीत, जिच्यात तापमान दिसतं, तिचं तिसरं बटण दाबलं की एकूण किती चाललं ते दिसतं. हे मला पहिल्या महिन्यापासून ठाऊक आहे. आत्ता सत्तावीस तास चाळीस मिनिटं आहेत. पंचवीस भरले ते अधिक श्रावणात. अधिक महिन्यात कोणी नवीन कार्य हाती घेत नाही म्हणून गप्प राहिलो. मग निजश्रावण लागला, मग गणपती, मग पितृपक्षात वस्तू घराबाहेर कशी काढायची, मग नवरात्र. पडद्यावर मी चिकटपट्टी लावली होती.

ता. क. २ : टोपी जायच्या आधी दोन श्वासांपुरतं मला आतलं ऐकू आलं होतं. मागच्या बेअरिंगला बारीक खरखर आहे. वाळू चावल्यासारखी. माझा कान चुकत नाही. तास उलटलेलं असं इंजिन समोर माणसं बसवून चालवणं हा गुन्हा आहे आणि मी तो तेरा शनिवार केला. आत्ताच ते टेबलावरून उतरवलं, पुसलं आणि त्याच टोपीत गुंडाळून खोक्यात बंद केलं. तुमच्या माणसाला रविवारी येऊ द्या. संक्रांतीचं मी लिहिलं ते खोडावं.

ता. क. ३ : रिटायर झाल्यापासून मला कोणी काही विचारत नव्हतं, दाजी. शनिवारी विचारतात. फॉर्म भरून खोक्यावर चिकटवला आहे, फक्त 'दुरुस्तीनंतर कुठे पाठवावे' ही ओळ कोरी सोडली. ती तुम्ही भरायची. तुमचा मस्कतचा पत्ता तुम्हाला पाठच आहे. आमचा लिहायचा झाला तर पिनकोड चुकू नये म्हणून देऊन ठेवतो : ४२२ ०१०.