झाकणाच्या आतली बाजू

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी
सोसायटीत माझ्या हातचं : अकरा कॅमेरे, त्यांचे लोखंडी ब्रॅकेट (वेल्डिंगही माझंच), चारशे दहा मीटर वायर, जिन्याखालची रेकॉर्डरची पेटी. कोर्स नाही, गुरू नाही. आज पेटी सताड उघडून पाना-पकडीसोबत पूजा केली. झेंडू, हळदकुंकू. फोटो सोसायटीच्या ग्रुपवर. पहिला अंगठा सेक्रे. खैरनारचा.

६ ऑक्टो.
तिसऱ्या मजल्यावरच्या पगारेबाई. शिक्षिका, एकट्या राहतात. जिन्यात अडवलं.
"नाना, शनिवारी माझ्याकडे कोण आलं, किती वाजता गेलं, खैरनारला कसं माहीत? तुम्हीच बघता ना?"
म्हटलं, पासवर्ड माझ्या एकट्याकडे असतो.
"मग झालंच की!"

७ ऑक्टो.
रेकॉर्डरची नोंद तपासली. १ तारखेच्या संध्याकाळपासून एक परका फोन आत. बघतो फक्त कॅमेरा नं. ९. तिसरा मजला, बाईंचं दार. पण पासवर्ड गेला कसा?
सौ.ने माझाच फोटो मोठा करून दाखवला. "झाकणाला आतून लिहिलाय की. अक्षर तेवढं सुरेख हो!"
मार्करने, पट्टी धरून. प्रत्येक पेटीला तसंच लिहितो मी. जेवलो नाही.
पासवर्ड बदलला. नं. ९ ची वायर काढली. झाकण थिनरने दोनदा पुसलं. अक्षर अजून दिसतं.

८ ऑक्टो.
खैरनारकडे गेलो. हरामखोराने नाकारलंही नाही. चहा मागवला.
"नाना, पासवर्ड तुम्हीच दिला ना, देवापुढे ठेवून? अन् एकटी बाई. लक्ष नको ठेवायला?"
चहाला हात लावला नाही. म्हटलं, काय बघत होतास ते ग्रुपवर लिही. नाहीतर मी लिहितो.
"लिहा ना! आधी तुमचाच फोटो निघंल."

१० ऑक्टो.
पगारेबाई दार उघडत नाहीत. आतून म्हणाल्या, "जा तुम्ही."
ग्रुपसाठी मेसेज लिहिला : पासवर्ड माझ्या फोटोतून गेला, बघत होता खैरनार. पहिला अर्धा भाग, माझ्या फोटोचा, चार वेळा खोडला, चार वेळा परत लिहिला. सौ. म्हणते, उद्या कोण आपल्याला दारात उभं करील?
अजून पाठवला नाही.
दुपारी खैरनारचा फोन. गंगापूर रोडला मेव्हण्याची नवी बिल्डिंग, चोवीस कॅमेरे, सगळं काम मला. मी फक्त गप्प बसायचं आणि नं. ९ परत जोडायचा.
नाही म्हणालो. गेली मजुरी : एक लाख पंच्याऐंशी हजार. मटेरियल वेगळं.